पॅशन फ्रूटला फुलं ढीगभर, फळ एकही नाही? खत टाकायच्या आधी घड्याळ बघा

पॅशन फ्रूटची वेल लावलेल्या लोकांची तक्रार बहुतेक एकच असते. वेल मस्त वाढलीय, बाराही महिने हिरवीगार आहे, जाळी भरून गेलीय, फुलं तर इतकी येतात की बघत राहावं, पण दोन-तीन दिवसांत फूल देठासकट पिवळं पडून खाली. फळ नाहीच. आणि यावर मिळणारे सल्लेही ठरलेले, पोटॅश द्या, बोरॉन फवारा, अमुक टॉनिक मारा, पाणी तोडा. माणूस बिचारा ते सगळं करतो आणि पुढच्या बहराला परत तेच. माझं मत सरळ आहे, जिला खंडीभर फुलं लागतायत ती वेल उपाशी नाहीये, तिला अजून खायला घालून काही होणार नाही. पराग आणि फुलाच्या मध्ये काहीतरी अडलंय, आणि ते शोधायला घड्याळ लागतं, खताची पिशवी नाही.

पण आधी फूल नक्की कुठल्या टप्प्यावर गळतंय ते बघा, कारण ‘फुलं गळतात’ म्हटलं की त्यात तीन-चार वेगवेगळ्या भानगडी एकत्र येतात. कळी न उघडताच पिवळी पडून गळत असेल तर ते वेगळं प्रकरण, त्याबद्दल खाली लिहिलंय. छोटं फळ धरलं, थोडं मोठं झालं आणि मग गळलं, तर तेही वेगळं. आणि फूल व्यवस्थित उघडलं, मिटलं आणि मग दोन-तीन दिवसांत देठाचा सांधा पिवळा पडून गळालं, तर बहुतेक वेळा परागीभवन झालेलंच नसतं. खात्री करायची तर गळलेलं फूल उचला, सुकलेल्या पाकळ्या बाजूला करा आणि मधला हिरवा गोळा बघा. फूल उघडलं तेव्हा जेवढा होता तेवढाच असेल, जराही फुगलेला नसेल, तर पराग पोचला नाही किंवा पोचूनही चालला नाही. हे दोन्ही वेगळे आजार आहेत, पुढे येतंच.

आता एक ताजं फूल जवळून बघा, कारण सगळी अडचण त्याच्या रचनेतच आहे. बाहेर पाच निदलं आणि पाच पाकळ्या, त्यावर पांढऱ्या-जांभळ्या तंतूंची झालर, आणि मधोमध एक उभा दांडा. त्या दांड्यावर हिरवा गोळा, हाच अंडाशय, उद्याचं फळ. गोळ्याच्या खालून पाच पुंकेसर निघतात, त्यांच्या टोकाचे परागकोश खाली तोंड करून असतात, पिवळी पावडर तिथेच. आणि गोळ्याच्या डोक्यावरून तीन दांड्या निघतात, प्रत्येकीच्या टोकाला खिळ्याच्या डोक्यासारखी गोल चपटी कुक्षी, पराग पोचायला हवा तो इथे. म्हणजे पराग खाली, कुक्षी वर. त्यात पराग जड आणि चिकट, वाऱ्याने उडत नाही. त्यामुळे वेल हलवणं, फुलाला टिचक्या मारणं, पंखा लावणं याचा काही उपयोग नाही. टोमॅटोला चालणारी ही युक्ती इथे चालत नाही, कितीही जण सांगोत.

मग निसर्गात होतं कसं? मोठ्या अंगाचा किडा मधासाठी झालरीवर उतरतो, त्याची पाठ वरच्या परागकोशांना घासते, पराग पाठीला चिकटतो, तो पुढच्या फुलावर गेला की तीच पाठ कुक्षीला लागते. हे काम सगळ्यात छान करतो तो मोठा काळा भुंगा, लाकूड पोखरून घर करणारा. आवाज मोठा, दिसायला भीतीदायक, त्यामुळे लोक त्याला हाकलतात किंवा मारतात आणि मग फळ धरत नाही म्हणून विचारत बसतात. मधमाशी पण येते, पण तिची उंची कमी पडते, ती खालून मध पिऊन किंवा परागकोशावर लटकून पराग गोळा करून निघून जाते आणि कुक्षीला तिचा स्पर्श होईलच असं नाही. जांभळ्या जातीत मधमाशीवर थोडंफार भागतं. पिवळ्या जातीत मात्र मधमाश्यांची गर्दी झाली तर कधी कधी नुकसानच, कारण भुंगा यायच्या आत त्या पराग साफ करून टाकतात. म्हणजे ‘माझ्याकडे मधमाश्या खूप येतात, तरी फळ नाही’ यात नवल काही नाही.

मुंग्यांबद्दल पण खूप जण विचारतात. पानाच्या देठावर, पात्याच्या अगदी जवळ, दोन छोट्या गाठी दिसतात, त्यातून गोड रस येतो, मुंग्या त्याच्यासाठी वेलीवर फिरतात. त्याने फुलं गळत नाहीत आणि परागीभवनही होत नाही. मुंग्यांची रांग कोवळ्या शेंड्याकडे जात असेल तर मात्र पानं उलटून बघा, तिथे मावा असू शकतो आणि मावा ही खरी काळजीची गोष्ट आहे.

आता घड्याळाकडे येऊ. पॅशन फ्रूटचं फूल फक्त एकदाच उघडतं, काही तासच, मिटलं की संपलं, दुसऱ्या दिवशी परत उघडत नाही. आणि जांभळ्या सालीच्या जातीचं आणि पिवळ्या सालीच्या जातीचं टायमिंग पूर्ण वेगळं आहे. जांभळ्याचं फूल पहाटे उघडतं आणि दुपार व्हायच्या आत मिटतं. पिवळ्याचं दुपारी बाराच्या आसपास उघडतं आणि रात्री नऊ-दहापर्यंत उघडं राहतं. यावरून किती घोळ होतात बघा. जांभळी वेल असलेला माणूस संध्याकाळी कामावरून आल्यावर ब्रश घेऊन बसतो, तोवर फूल मिटलेलं असतं, तो पाकळ्या उघडून आत पराग कोंबतो, काही होत नाही. पिवळी वेल असलेला माणूस सकाळी आठला जाऊन बघतो, नुसत्या कळ्या आणि कालची मिटलेली फुलं, आणि म्हणतो माझ्या कळ्या उघडतच नाहीत.

त्यामुळे कुठली जात आहे हे माहीत नसेल, रोप देणाऱ्याने नुसतं ‘पॅशन फ्रूट’ म्हणून दिलं असेल, तर एखाद्या सुट्टीच्या दिवशी सकाळी लवकर, अकराला आणि दुपारी दोनला अशा तीन चकरा मारा. फूल कधी उघडं सापडतं त्यावरून जात बरीचशी कळते. सोबत तणावे बघा, म्हणजे ते स्प्रिंगसारखे दोरे जे जाळीला धरतात. पिवळ्या जातीत तणावे, कोवळी खोडं यांच्यावर लालसर-जांभळट झाक असते, जांभळ्या जातीत ते सहसा साधे हिरवे असतात. हो, उलट वाटतं, पण असंच आहे. आणि दोघांच्या संकराची रोपंही भरपूर फिरतात, त्यांचं टायमिंग मधलंच कुठलं तरी निघतं, त्यामुळे कागदावरच्या वेळेपेक्षा स्वतःच्या वेलीची वेळ लिहून ठेवा.

ही जात ओळखायची खटपट कशासाठी, तर पुढच्या मुद्द्यासाठी, आणि माझ्या मते निम्म्या लोकांचं दुखणं इथेच आहे. जांभळ्या जातीची वेल सहसा स्वतःच्याच परागाने फळ धरते. एकच वेल असली तरी चालतं, पराग फक्त कुक्षीवर पोचायला हवा. पिवळी जात तशी नाही. पिवळ्या वेलीला स्वतःचा पराग बहुतेक चालतच नाही, तुम्ही कितीही प्रेमाने ब्रशने लावा, ती तो नाकारते. तिला दुसऱ्या वेलीचा पराग लागतो, आणि दुसरी म्हणजे खरोखर वेगळी. इथे लोक फसतात. आपल्याच वेलीची फांदी लावून दुसरं रोप केलं, दोन वेली झाल्या, आता तरी फळ धरेल असं वाटतं. पण फांदीपासून केलेलं रोप म्हणजे तीच वेल, फक्त दुसऱ्या कुंडीत. पहिली दुसरीचा पराग जसा नाकारते तसाच दुसरी पहिलीचा. एकाच फळाच्या बियांपासून केलेली दोन रोपंसुद्धा सख्खी भावंडं असल्यामुळे कधी कधी एकमेकांना चालत नाहीत. वेगळ्या ठिकाणच्या, वेगळ्या फळाच्या बियांपासून आलेली वेल हवी.

तुमची वेल नक्की कुठल्या गटातली हे अंदाजाने ठरवत बसू नका, टेस्ट सोपी आहे. दोन रंगांचे दोरे घ्या. काही फुलांना त्याच वेलीच्या दुसऱ्या फुलाचा पराग लावा आणि देठाला एका रंगाचा दोरा बांधा. काही फुलांना लांबच्या कुठल्यातरी वेगळ्या वेलीचा पराग आणून लावा आणि दुसऱ्या रंगाचा दोरा बांधा. आठवड्याने बघा. दोन्ही रंगांची फळं धरली तर वेल ठीक आहे, फक्त पराग पोचवणारा कोणी नव्हता. फक्त बाहेरच्या परागाची धरली तर दुसरी वेल लावल्याशिवाय पर्याय नाही. आणि दोन्ही गळाली तर प्रश्न परागाचा नाही, ऊन, पाणी किंवा फुलाचाच आहे. मला तरी या टेस्टइतकं स्वस्त आणि खरं उत्तर देणारं दुसरं काही माहीत नाही, पण लोकांना बाटली विकत घेणं जास्त सोपं वाटतं, त्याला काय करणार.

बाहेरचा पराग आणायचा तर पूर्ण उघडलेलं फूल देठासकट तोडून कोरड्या डब्यात आणा, किंवा नुसते परागकोश कागदात गुंडाळून आणा, पण त्याच दिवशी वापरा. प्लास्टिकच्या बंद पिशवीत आणलं तर घाम सुटतो आणि पराग ओला झाला की गेला. जांभळ्याचा पराग पिवळ्याला लावून भागवू असा विचार असेल तर त्यावर फार विसंबू नका, दोघांच्या वेळाच जुळत नाहीत, पिवळ्याला पिवळीच दुसरी वेल बघा.

आता हाताने परागीभवन करायचं कसं. फूल उघडल्या उघडल्या धावू नका. उघडताना तिन्ही कुक्षी वर आकाशाकडे असतात, मग साधारण तासाभरात त्या हळूहळू वाकून खाली परागकोशांच्या पातळीला येतात. त्या खाली वाकल्या की करायचं. मऊ ब्रश, कापसाची काडी, नाहीतर सरळ बोट, काहीही चालतं, मी बोटच वापरते कारण बोटाला पराग किती लागलाय ते दिसतं. एका फुलाच्या परागकोशावरून बोट फिरवा, पिवळं झालं पाहिजे, मग दुसऱ्या फुलाच्या तिन्ही कुक्षींवर नीट टेकवा. तिन्हींवर, एकीवर नाही. किंवा अजून सोपं, एक परागकोशच चिमट्याने तोडून तोच कुक्षींवर घासा. कुक्षीवर पिवळा थर दिसला की झालं. जोर लावू नका, त्या दांड्या पटकन मोडतात.

तिन्ही कुक्षींवर भरपूर पराग का, तर फळाचा रस कुठे असतो ते आठवा. प्रत्येक बीभोवती रसाची एक पिशवी असते, म्हणजे जितक्या बिया तितका रस. एका चांगल्या फळात अडीचशेपर्यंत बिया असू शकतात आणि प्रत्येक बी तयार व्हायला एक परागकण कामाला यावा लागतो. पराग कमी पडला तरी कधी कधी फळ धरतं, पण छोटं राहतं, वाकडं होतं, किंवा बाहेरून मोठं दिसतं आणि कापलं की आत अर्धं पोकळ. ‘फळं धरतात पण आत काहीच नसतं’ ही तक्रारही मुळात परागाचीच आहे, त्यालाही लोक खतच देतात.

एक फसवी गोष्ट आहे जी फार कमी जण बघतात. काही फुलांच्या कुक्षी खाली वाकतच नाहीत, फूल मिटेपर्यंत वरच उभ्या राहतात. अशी फुलं फळ धरत नाहीत, हाताने पराग लावला तरी नाही. त्यांचा पराग मात्र चांगला असतो, दुसऱ्या फुलांना वापरता येतो. कुठल्याही वेलीवर अशी काही फुलं असणारच, ते नॉर्मल आहे, आणि काही वेलींवर त्यांचं प्रमाण जास्तच असतं. त्यामुळे हात लावूनही बरीच फुलं गळत असतील तर दोन-चार दिवस फक्त निरीक्षण करा, कुक्षी वाकलेली किती आणि उभी किती. बहुतेक उभीच असतील आणि दरवर्षी तसंच असेल तर ती वेल पराग द्यायला ठेवा आणि फळाला दुसरी लावा, तिच्यावर मेहनत वाया जाते.

पावसाचं काय? पराग ओला झाला की फुगून फुटतो, संपतो. पराग लागल्यानंतर निदान दोन तास फूल कोरडं राहिलं पाहिजे, नंतर पाऊस आला तर फारसं बिघडत नाही. म्हणजे पावसाळी दिवसांत फुलं भरपूर आणि फळं शून्य हे अगदी स्वाभाविक आहे, त्यात तुमचं काही चुकत नाही. थोडीच फुलं असतील तर पराग लावून वर कागदाची किंवा पातळ प्लास्टिकची छोटी टोपी घाला, खालून हवा राहू द्या. आणि हो, वेलीला वरून पाइपने आंघोळ घालायची सवय असेल तर फुलांच्या वेळेत ती बंद, पाणी मुळाशीच. कीटकनाशकांचा फवाराही तसाच, फूल उघडं असताना मारला तर पराग ओला होतो आणि भुंगेही मरतात, दोन्ही बाजूंनी तोटा. मारायचाच असेल तर फुलं मिटल्यावर.

लागलं की नाही हे कळायला फार थांबावं लागत नाही. तीन-चार दिवसांत सुकलेल्या पाकळ्यांमधून हिरवा गोळा चकचकीत आणि स्पष्ट मोठा दिसायला लागतो, देठ हिरवा आणि घट्ट राहतो. सुकलेल्या पाकळ्या ओढून काढू नका, आपोआप पडतात. तिथून फळ पिकायला साधारण ६० ते ८० दिवस, थंडीत त्याहून जास्त.

समजा परागीभवन नीट झालंय, गोळा फुगलाय आणि मग बोराएवढं झाल्यावर फळ गळतंय. इथे मात्र पाणी बघा. या वेलीची मुळं वरवरच्या मातीत असतात, त्यामुळे माती एकदा कडक सुकली आणि मग एकदम भरपूर पाणी मिळालं की वेल सगळ्यात आधी फळंच सोडून देते. कुंडीत हे जास्त होतं, छोट्या कुंडीत तर रोज दुपारी. ४०-५० लिटरपेक्षा लहान कुंडी या वेलीला पुरत नाही असं माझं मत आहे, आणि मातीवर पालापाचोळ्याचं आच्छादन टाकल्याने जेवढा फरक पडतो तेवढा कुठल्या खताने पडत नाही. उलट पाणी साचून राहत असेल तर त्याहून वाईट, मुळं कुजतात. दुसरं कारण फळमाशी. ती कोवळ्या फळाला टोचते, टोचलेल्या जागी खळगा किंवा टणक गाठ दिसते, फळ सुरकुततं आणि गळतं. गळलेली फळं तिथेच ठेवू नका, उचलून नष्ट करा, आणि धरलेल्या फळांवर लवकरात लवकर जाळीची पिशवी घाला. तिसरं कारण अगदी साधं, एकाच फांदीवर खूप फळं धरली की वेल त्यातली काही स्वतःच सोडते, त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

कळी न उघडताच गळते त्यांच्यासाठी. फुलकिडे शोधा, कळी फोडून पांढऱ्या कागदावर झटकली की बारीक लांबट किडे पळताना दिसतात. ते नसतील तर परत पाणी आणि उष्णता. जांभळ्या जातीला दिवसाचं तापमान सतत तिशीच्या वर राहिलं की फुलं आवडेनाशी होतात, कळ्या कमी येतात, आलेल्या गळतात. पिवळी उष्णता बऱ्यापैकी सोसते पण थंडी सोसत नाही. म्हणजे गरम हवेत राहून जांभळी लावली असेल तर उन्हाळ्याच्या फुलांवरून वेलीची परीक्षा करू नका, हवा उतरली की परत बघा.

आणि ज्यांना फुलंच येत नाहीत, नुसतं पानांचं जंगल, त्यांचं दुखणं खरंच खताचं असतं, पण जास्त खताचं. शेणखत, कोंबडीखत, युरिया, जे असेल ते भरभरून, आणि वेल म्हणते वा, आता पानंच करते. नत्र, म्हणजे ही पानं वाढवणारी खतं, बंद करा, जमलं तर थोडं पालाश (पोटॅश) द्या आणि थांबा. सावली हे दुसरं कारण, ही वेल अर्ध्या सावलीत जगते, वाढतेसुद्धा, पण फुलत नाही, दिवसातून पाच-सहा तास तरी थेट ऊन हवं. तिसरं वय, बियांचं रोप असेल तर वर्ष-दीड वर्ष जाऊ द्या, कलमाला किंवा फांदीच्या रोपाला कमी वेळ लागतो. पिवळ्या जातीत अजून एक, दिवस साधारण ११ तासांपेक्षा लहान झाला की तिचं फुलणं मंदावतं किंवा थांबतं, दिवस मोठे झाले की परत सुरू.

फुलं नव्या फुटीवरच येतात, हे छाटणी करताना लक्षात ठेवा. जुन्या फांद्या कितीही जाड आणि छान दिसल्या तरी त्यावर फूल नाही, नव्या हिरव्या फांदीच्या पेरापेरावर एकेक फूल. त्यामुळे अजिबात न छाटलेली वेल हळूहळू फक्त टोकांना, हात न पोचणाऱ्या उंचीवर फुलते आणि आत काड्यांचा गुंता होतो. आणि फुलायच्या तोंडावर छाटली तर तो बहर गेलाच. फळं काढून झाली, की नवीन वाढ सुरू व्हायच्या आधी बाजूच्या फांद्या आखूड करा, मुख्य खोडं राहू द्या.

बोरॉनचं एकदाचं संपवू. बोरॉन परागनलिका, म्हणजे परागकणातून अंडाशयाकडे जाणारी बारीक नळी, वाढायला लागतं हे खरं आहे, मातीत खरंच कमी असेल तर फळधारणेवर परिणाम होतो. पण लागणारं प्रमाण अगदी थोडं आणि विषारी प्रमाण त्याच्या फार लांब नाही, जास्त झालं की पानांच्या कडा जळतात. दोऱ्याच्या टेस्टमध्ये दोन्ही रंगांची फुलं गळाली, कुक्षी वाकलेल्या होत्या, हवा ठीक होती, पाणी ठीक होतं, आणि तरी गळाली, तर मग मातीची तपासणी करून बघा आणि मग फवारा. त्याआधी नाही.

आता एक विचित्र केस, पण होते. कलमी जांभळं रोप लावलं, पहिली एक-दोन वर्षं छान जांभळी फळं दिली, मग फळं बंद, फुलं मात्र भरपूर. अशा वेळी खाली बुडाशी वाकून बघा. पिवळ्याचा खुंट, म्हणजे कलमाचा खालचा मुळांकडचा भाग, मर रोग आणि सूत्रकृमी (मुळांना लागणारे सूक्ष्म कृमी) यांना टिकतो, म्हणून जांभळ्याचं कलम बऱ्याचदा त्याच्यावर बांधतात. कलमाच्या जोडाखालून खुंटाचा फुटवा निघाला आणि तो काढला नाही तर तो जोरदार वाढतो आणि वरचं जांभळं दबून मरून जातं. बाहेरून वेल तीच दिसते, पण आता ती पिवळी झालेली असते, फूल पहाटेऐवजी दुपारी उघडायला लागतं आणि एकटी असल्याने फळ धरत नाही. तणाव्यांचा रंग बदलला का तेही बघा. जोडाखालचे फुटवे दिसतील तेव्हा लगेच काढत जा.

आणि काही जणांची वेल मुळात खायची नसतेच. पानाचे पाच-सात भाग, फूल निळसर, फळ धरलंच तर नारिंगी आणि आत फारसं काही नाही, चवही नाही, तर ती शोभेची कृष्णकमळाची जात आहे, तिच्यावर पराग लावत बसण्यात अर्थ नाही. खायच्या जातीचं मोठं पान तीन भागांचं आणि कडा दातेरी असतात, लहानपणी पान अखंड असतं त्यामुळे अगदी छोट्या रोपावरून ठरवू नका.

फळं धरली, पण कडक, छोटी, वेडीवाकडी, साल जाड आणि आत रस जवळजवळ नाही, पानंही चट्टेरी आणि चुरगळलेली, तर परागाचा प्रश्न नाही, तो विषाणू असण्याची शक्यता जास्त. तो मावा पसरवतो, कात्रीनेही पसरतो, औषध नाही. अशा वेलीची फांदी कोणाला देऊ नका, वेल काढून टाका आणि कात्री धुवून घ्या.

फळ तोडायची घाई पण नको. पिकलं की ते स्वतःच गळून खाली पडतं, तेव्हाच उचलायचं, त्यामुळे वेलीखाली गळलेली पूर्ण रंग चढलेली फळं बघून ‘फळगळ’ समजू नका. कच्ची हिरवी फळं खाऊन बघू नका, त्यात आणि पानांत सायनाइड तयार करणारी द्रव्यं असतात.

एवढं सगळं करूनही वेल काही वर्षांनी थकते, तीन-चार वर्षं चांगली, पुढे बेभरवशाची. म्हणून जुनी चालू असतानाच नवी लावून ठेवा, शक्यतो दुसऱ्या जागेत, जुन्याच खड्ड्यात नाही. पिवळी लावणार असाल तर दोन वेगळ्या ठिकाणांहून मिळालेल्या दोन फळांच्या बियांपासून दोन रोपं करा आणि दोन्ही एकाच मांडवावर चढवा, फांद्या एकमेकांत गुंतल्या तरी चालतं, उलट भुंग्याला सोपं.